रांगेचा हिशोब

माझ्या पीएच.डी.चा विषय गावात कुणी विचारला की मी नुसतं ‘रेल्वे’ म्हणून मोकळा व्हायचो. ‘सिम्युलेशन’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: म्हणजे व्हिडिओ गेम काय? आमच्या काकांनी एकदा चिकाटीनं सगळं ऐकून घेतलं आणि ओटीवर बसलेल्या चार माणसांत निकाल दिला, ‘गाड्या हाकतो, पण खोट्या.’ इतकी नेमकी व्याख्या मला पुढे कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडली नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, कॉम्प्युटर विभागात मी लागलो तेव्हा कोकण रेल्वेचं काम चालू होतं. निवृत्त झालो तेव्हा त्याच मार्गावर विजेची इंजिनं धावत होती. मधल्या काळात ऑपरेटिंग सिस्टिम शिकवली, डेटा स्ट्रक्चर शिकवलं, सुपरव्हिजन केल्या, कमिट्या येणार म्हणून रात्री जागून फायली रंगवल्या आणि उरलेल्या वेळात सिम्युलेशन केलं. आडगावच्या कॉलेजात संशोधन हे उरलेल्या वेळातलंच काम. त्याबद्दल तक्रार नाही. पुण्या-मुंबईच्या मित्रांकडे मशिन चांगली होती, पण सिम्युलेशन करावं अशी एकेरी रेल्वे, खाडी आणि फेरीबोट त्यांच्या दाराशी नव्हती.

इंजिनिअरिंगच्या शिक्षकांना नोकरी सांभाळून पीएच.डी. करता यावी म्हणून ‘क्यूआयपी’ नावाची योजना आहे. तिच्यातून मी आयआयटीत गेलो. डोक्यात मोठमोठे बेत होते. गाइडनी विषय ऐकून घेतला, टेबलाच्या खणातून एक फुलस्केप वही काढून दिली आणि म्हणाले, ‘कॉम्प्युटरला हात लावू नका. चार स्टेशनं, पाच गाड्या घ्या आणि एक दिवस हातानं चालवून आणा.’

मला ते जरा अपमानास्पद वाटलं, पण ती वही अजून माझ्याकडे आहे. चार रकाने: वेळ, घटना, गाडी, ठिकाण. शेजारी पेन्सिलीनं लिहिलेली ‘पुढे काय काय होणार आहे’ याची यादी. यादीतली सगळ्यात आधीची घटना उचलायची, घड्याळ थेट त्या वेळेवर न्यायचं, त्या घटनेमुळे पुढे काय घडणार ते यादीत भरायचं आणि पुन्हा सगळ्यात आधीची उचलायची. ६ वाजून ४ मिनिटांनी गाडी सुटली, आता ती पुढच्या स्टेशनात ६ वाजून १७ मिनिटांनी पोचेल. मधल्या तेरा मिनिटांत बाकी कुठे काही घडणार नसेल तर ती तेरा मिनिटं अस्तित्वातच नाहीत. घड्याळ टिकटिक करत चालत नाही, उडी मारतं. याला ‘डिस्क्रीट इव्हेंट सिम्युलेशन’ म्हणतात आणि सगळ्या विषयाचं इंजिन एवढंच आहे. कॉम्प्युटरवर त्या पेन्सिलीच्या यादीच्या जागी हीप येतो, म्हणजे सगळ्यात आधीची नोंद झटकन हाती देणारी माहितीची मांडणी, इतकाच फरक. हीप आम्ही दुसऱ्या वर्षाला शिकवतो. तो कशाला शिकायचा, असं विचारणाऱ्या मुलांना मी पुढे ती वहीच दाखवायला लागलो.

वर्गात आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायचो. मुलं जावा शिकतात, क्लास आणि ऑब्जेक्ट घोकतात, आणि ही कल्पना बँकेचं खातं नाहीतर कुत्रा-मांजर समजावण्यासाठी निघाली असावी असा त्यांचा समज असतो, कारण पुस्तकांत उदाहरणं तीच. प्रत्यक्षात ती सिम्युलेशनमधून आली. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड या दोघांनी १९६० च्या दशकात ‘सिम्युला’ ही भाषा केली. बंदरावर जहाजं येतात, धक्क्यासाठी थांबतात, माल उतरवतात; प्रत्येक जहाजाची स्वतःची माहिती आणि स्वतःचं वागणं. हे लिहायचं तर जहाज नावाचा क्लास आणि त्याचे ऑब्जेक्ट हवेतच. सिम्युला ६७ मध्ये ते नीट आकाराला आलं. ब्यार्ने स्ट्रोस्ट्रुप केंब्रिजला पीएच.डी. करताना सिम्युलातच सिम्युलेशन लिहीत होते. भाषा आवडली पण वेग परवडेना, म्हणून त्यांना सगळं दुसऱ्या भाषेत पुन्हा लिहावं लागलं. त्या वैतागातून पुढे १९७९ साली ज्या कामाला हात घातला, त्याचं सी प्लस प्लस झालं. डाल आणि न्यूगार्डना २००१ चं ट्युरिंग पारितोषिक, म्हणजे कॉम्प्युटर क्षेत्रातला सगळ्यात मोठा मान, मिळालं आणि २००२ मध्ये दोघेही काही आठवड्यांच्या अंतरानं गेले.

तर वही झाली, मग प्रोग्रॅम. कोकण रेल्वेचा रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाला. रोहा ते वीर हा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला, तोवर सगळा एकेरी. एकेरी मार्गाचं सगळं नशीब क्रॉसिंग स्टेशनांवर. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीला लूप लाइनला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर थांबायचं. आपली गाडी कुठल्याशा छोट्या स्टेशनात अर्धा तास उभी राहिली की डब्यातली माणसं गार्डच्या नावानं बोटं मोडतात; मी खिडकीतून समोरचा सिग्नल बघत मनात लिहीत असायचो की कोण कुणासाठी थांबलंय. बायको म्हणायची, ‘तुम्हाला उशीर झालेला आवडतो.’ खरं होतं ते.

आता रँडम नंबर. गाडीला उशीर किती होईल, चढ-उतारात किती मिनिटं जातील हे मॉडेलमध्ये फाशानं ठरतं. फासा कॉम्प्युटरच्या आत असतो, आणि तो फासा नसतोच मुळी, ते एक गणित असतं. वर्गात मी ते फळ्यावर करून दाखवायचो. कुठलाही आकडा घ्या, पाचनं गुणा, तीन मिळवा, सोळानं भागून बाकी घ्या. ७ पासून सुरू करा: ७, ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४ आणि पुन्हा ७. शून्य ते पंधरा सगळे आकडे एकदा आले, क्रम विस्कटलेला, वर्ग खूश. मग मी म्हणायचो, याच आकड्यांनी नाणं उडवू: विषम म्हणजे छापा, सम म्हणजे काटा. मुलं वाचायला लागायची: छापा, काटा, छापा, काटा, छापा, काटा... चौथ्या-पाचव्या आकड्याला मागच्या बाकावरून हसू फुटायचं. विषम-सम एकाआड एक, अगदी शिस्तीत.

हा फळ्यावरचा खेळ वाटतो, पण १९६० च्या दशकात आयबीएमच्या मशिनांवर ‘रँडू’ नावाचा असाच जनरेटर, म्हणजे असे आकडे काढून देणारं गणित, सर्रास वापरात होता. गुणक ६५५३९. एकेक आकडा बघितला तर ठीकठाक. पण ओळीनं तीन-तीन आकडे घेऊन त्यांचे अवकाशात बिंदू काढले तर ते सगळे बिंदू फक्त १५ समांतर प्रतलांवर पडतात. जॉर्ज मार्सालियांनी या जातीच्या सगळ्याच जनरेटरांचं हे वागणं १९६८ मध्ये गणितानं दाखवून दिलं. तोवर किती प्रबंध त्या फाशावर उभे राहिले असतील कोण जाणे. माझ्या प्रबंधाच्या वेळी मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपानी जोडीचा ‘मर्सेन ट्विस्टर’ नवा होता. त्याचा आवर्तनकाळ, म्हणजे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याआधी किती येतात ती संख्या, २ चा १९९३७ वा घात वजा १. मी तोच घेतला आणि झोप लागली.

झोप उडाली ती गाड्यांमुळे. मॉडेल सुरू केलं की पहाटेच्या सुमाराला, म्हणजे मॉडेलमधल्या पहाटे, सगळं ठप्प. एकही गाडी हलेना. प्रोग्रॅम बंद पडलेला नसायचा, घटनांची यादीच रिकामी झालेली असायची. एका स्टेशनाच्या दोन्ही लाइनींवर मडगावकडे निघालेल्या दोन गाड्या, पुढच्या स्टेशनाच्या दोन्ही लाइनींवर मुंबईकडे निघालेल्या दोन. मधला सेक्शन मोकळा, पण कुणी पुढे आलं तर घ्यायला जागा नाही. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आम्ही ज्याला डेडलॉक म्हणतो तो हाच.

त्यावर शास्त्रीय उतारे बरेच आहेत. मी ते वाचत बसलो असतानाच एका ओळखीतून रेल्वेच्या एका निवृत्त सेक्शन कंट्रोलरची, म्हणजे कुठली गाडी कुठे थांबवायची आणि कधी सोडायची ते ठरवणाऱ्या माणसाची गाठ पडली. गृहस्थ चिपळूणकडचे. घरी गेलो, त्यांनी चहा दिला, मी कागद पसरला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून अर्धं मिनिट बघितलं आणि म्हणाले, ‘सर, तुमचा कॉम्प्युटर गाडी आली की जागा शोधतो. आम्ही गाडी सोडायच्या आधी बघतो, हिला सोडली तर समोरचीला जागा उरते का. नसेल तर हिरवा द्यायचाच नाही. पाशिंजरला शिव्या घालू देत.’

डेडलॉक टाळायचा डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रांचा ‘बँकर्स अल्गोरिदम’ मी दरवर्षी शिकवत होतो. मागणी मान्य करण्याआधी बघायचं की ती मान्य केल्यावरही सगळ्यांची कामं कुठल्या ना कुठल्या क्रमानं पुरी होऊ शकतात का. कंट्रोलरसाहेबांनी तो कधी ऐकलेला नव्हता आणि नोकरीभर पाळला होता. त्यांच्याकडे मी नंतर बऱ्याचदा गेलो. गाडीचा तक्ता कसा मारतात, मालगाडीला कुठल्या स्टेशनात टाकलं तर ती पुन्हा उचलायला जड जाते, गणपतीत जादा गाड्या आल्या की कुणाला बळी द्यायचं: मॉडेलमधले निम्मे नियम त्या ओटीवर लिहिले गेले. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव गाइडच्या लगेच खाली आहे.

भारतीय रेल्वेत एकेरी मार्गाची क्षमता काढायला एक जुनं सूत्र वापरतात, स्कॉट यांचं. दिवसाची १४४० मिनिटं घ्यायची. सगळ्यात अडचणीच्या सेक्शनमध्ये सगळ्यात धिम्या गाडीला लागणारा वेळ आणि सिग्नल-ब्लॉकच्या कामाचा वेळ यांच्या बेरजेनं भागायचं. उत्तराला साधारण ०.७ नं गुणायचं. समजा दोन क्रॉसिंगमधलं अंतर १५ किलोमीटर आणि वेग ताशी ७५. बारा मिनिटं, अधिक अडीच. १४४० भागिले १४.५, गुणिले ०.७, म्हणजे जेमतेम ६९ गाड्या. आता पावसाळा आणा. मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं तर ताशी ४० च्या वर जायचं नाही अशी लोको पायलटना सूचना असते. तोच सेक्शन साडेबावीस मिनिटांचा झाला. अधिक अडीच, पंचवीस. उत्तर ४०. त्याच रुळांवर, त्याच माणसांनिशी, एकोणसत्तरच्या चाळीस गाड्या. कोकण रेल्वेला पावसाळी वेळापत्रक वेगळं का लागतं, ते या एका भागाकारात कळतं.

पण सूत्र तुम्हाला सरासरी दिवस देतं, आणि पाऊस सगळ्या मार्गावर एकाच वेळी एकसारखा पडत नाही. खेडला कोसळतोय आणि कणकवलीला लख्ख ऊन. एका गाडीला तिकडे उशीर झाला की तिच्यासाठी थांबलेलीला उशीर, मग तिच्यासाठी थांबलेलीला. तो उशीर कुठवर पसरतो आणि कुठे विरतो हे सूत्राला दिसत नाही. ते बघायला मॉडेल चालवावं लागतं, आणि एकदा चालवून भागत नाही. एका आंब्यावरून पेटीचा भाव करू नये, तसंच हे. वेगवेगळ्या फाशांनी पुन्हा पुन्हा चालवायचं आणि सरासरीच्या जोडीला ती किती डगमगते तेही सांगायचं. यातली मेख अशी की अनिश्चितता निम्मी करायची तर चौपट वेळा चालवावं लागतं. दहापट कमी हवी असेल तर शंभरपट. हिशोब वर्गमुळाचा आहे, घासाघीस चालत नाही.

आणि मशिन कुठलं, तर कॉलेजच्या लॅबमधलं. क्यूआयपीची मुदत संपवून मी परत आलो होतो, शेवटचे रन इथेच चालले. संध्याकाळी लॅब सुटली की सगळ्या पीसींवर एकेक रन लावायचा आणि लॅब असिस्टंटला सांगायचं, ‘बंद करू नको रे.’ जून लागला की वीज जायची. यूपीएस थोडा वेळ तग धरायचा आणि मग रात्रभराचं काम पाण्यात. तेव्हा दर काही हजार घटनांनंतर मॉडेलची सगळी अवस्था फाइलमध्ये लिहून ठेवायची सोय केली: घड्याळ, घटनांची यादी, प्रत्येक गाडी कुठे आहे, आणि रँडम नंबर जनरेटरची अवस्थासुद्धा. शेवटचं लोक विसरतात. जनरेटर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला की जुनेच आकडे परत येतात आणि वीज गेलेला रन न गेलेल्या रनशी जुळत नाही. मी दोन्ही तऱ्हेनं चालवून शेवटच्या अंकापर्यंत ताडून बघितलं, मगच विश्वास ठेवला.

व्हायव्हा, पदवी, बढती, सगळं यथावकाश झालं. पेपरही छापून आले. परदेशी परीक्षकांचा एक ठरावीक शेरा यायचा: एवढा पाऊस हे गृहीतक अवास्तव वाटतं. मी उत्तरात पर्जन्यमान द्यायचो.

पण मला स्वतःला जे काम आवडलं ते पीएच.डी.नंतरचं. कोकणच्या किनाऱ्यावर दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी अशा ठिकाणी खाडी ओलांडायला गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. पुलापर्यंतचा वळसा वाचतो. त्यातल्या एका जेट्टीवर (कुठल्या ते राहू दे) माझे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी प्रोजेक्ट करत होते. चालकशेठचा प्रश्न साधा होता: सुट्टीत रांग रस्त्यापर्यंत जाते, आणखी एक बोट घेऊ का?

मुलांना मी वही दिली. तीच पद्धत. जेट्टीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर बसायचं. गाडी आली की वेळ, प्रकार, बोटीवर चढायला लागलेला वेळ. पहिल्या आठवड्यात मुलांनी ‘गाडी’ असा एकच रकाना केला होता. मग दुचाकी वेगळी, कार वेगळी, टेम्पो-ट्रक वेगळे, आणि लग्नाचं वऱ्हाड घेऊन आलेली खासगी बस हा एक स्वतंत्र प्राणी. दुचाकी रांगेत उभी राहतच नाही. ती कडेकडेनं पुढे जाते आणि बोटीवर उरलेल्या सांदीकोपऱ्यात बसते. तिला रांगेत उभी केली की मॉडेल खोटं झालं.

रांगेचं शास्त्र जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एरलांग यांनी १९०९ साली त्याचा पाया घातला. त्यातला एक निकाल मी प्रत्येक शेठला, साहेबाला आणि विद्यार्थ्याला सांगत आलोय. माणसं मन मानेल तशी येतात आणि एकेकाला लागणारा वेळही तसाच कमी-जास्त, अशी सगळ्यात साधी रांग घ्या. खिडकी निम्मा वेळ कामात असेल तर एकाच्या कामाला सरासरी जेवढा वेळ लागतो तेवढंच सरासरी थांबावं लागतं. खिडकी ८० टक्के कामात असेल तर चौपट. ९० टक्के असेल तर नऊपट. ९५ टक्के असेल तर एकोणीसपट. म्हणजे शेवटची ती पाच-दहा टक्के क्षमता वसूल करायला गेलं की रांग फुटते. ‘बोट रिकामी जाता कामा नये’ असं म्हणणाऱ्याला हे पटत नाही. डिझेल तो भरतो.

शेठची पद्धत ‘भरली की सोडायची’ अशी होती. आडदिवशी दुपारी बोट भरायला तासभरही जायचा. मुलांनी आधी काढलेलं सरासरी थांबणं जेट्टीवरच्या अनुभवाशी जुळेना, लोक जास्त सांगत होते. त्यात फसवणूक कुणाचीच नव्हती. समजा बोटी कधी दहा मिनिटांनी सुटतात, कधी पन्नास मिनिटांनी, निम्म्या-निम्म्या. दोन बोटींमधलं सरासरी अंतर तीस मिनिटं, तेव्हा वाटतं की येणारा माणूस सरासरी पंधरा मिनिटं थांबेल. पण कधीही येणारा माणूस पन्नास मिनिटांच्या खिंडारात सापडण्याची शक्यता दहाच्या पाचपट असते. हिशोब नीट मांडला की सरासरी थांबणं पावणेबावीस मिनिटांच्या आसपास येतं. एसटीच्या स्टँडवर उभं राहून ‘आपल्याच नशिबी कसं’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: नशिबाचा त्यात काही संबंध नाही.

मॉडेल चालायला लागल्यावर परीक्षा. समोर माणूस आहे की यंत्र ते ओळखायला लावणाऱ्या ट्युरिंगच्या चाचणीसारखी एक युक्ती आमच्या धंद्यात आहे: एक खरा दिवस आणि एक मॉडेलमधला दिवस सारख्याच कागदावर छापायचे आणि ज्याचं आयुष्य त्या कामात गेलंय त्याच्या हातात द्यायचे. ओळखता आला नाही तर मॉडेल बऱ्यापैकी. आम्ही बोटीच्या तांडेलाला दिले. दोन्हींवर तारीख एकच. त्यानं बोटानं एकेक ओळ खाली सरकवली, मधेच थांबला, तारीख पुन्हा बघितली.

‘सर, ही खोटी.’

‘कशावरून?’

‘पुनव हाय त्या दिवशी. सांजचे सहा म्हणजे सुकती. पाणी पार खाली, फळी उभी लागते. तेव्हा लोड ट्रक दोन मिनिटांत चढवलाय तुम्ही? चढवून दाखवा.’

मुलं माझ्याकडे बघायला लागली. मॉडेलमध्ये खाडी होती, पाणी नव्हतं. मग तांडेलानंच भरती काढायची रीत सांगितली, किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असलेली: तिथीचा आकडा घ्या, पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी सुकती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप वर आणि खूप खाली. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा फरक कमी. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. आठवड्यातला एकच वार धरून मोजमाप केलं तर हे अर्धवटच हाती लागतं. मुलांनी पुढे अख्खा पंधरवडा धरून मोजलं आणि चढायचा वेळ पाण्याच्या उंचीशी बांधला. प्रोग्रॅममध्ये छापील भरतीचे तक्ते घातले. पाऊणपटीचं उत्तर त्यांच्या जवळपास येत होतं; पोरांना त्याचं फार आश्चर्य, तांडेलाला अजिबात नाही.

मग तुलना. ‘भरली की सोडा’, ‘ठरल्या वेळी सोडा’ आणि ‘वीस मिनिटं झाली किंवा भरली, जे आधी होईल तेव्हा सोडा’, शिवाय तिन्हींना जादा बोट आणि जादा बोट नाही. इथे एक पथ्य पाळावं लागतं. एका पद्धतीच्या वाट्याला गर्दीचा दिवस आणि दुसरीच्या वाट्याला मोकळा दिवस आला तर तुलना कसली? म्हणून फासा तोच ठेवायचा. त्याच गाड्या, त्याच क्रमानं, त्याच मिनिटाला सगळ्या पद्धतींसमोर आणायच्या. खऱ्या जगात हे कधीच जमत नाही, खोट्या जगाचा हा एवढा एक फायदा पुरेपूर घ्यावा. शिवाय फेरी रात्री बंद होते आणि सकाळी रिकाम्या जेट्टीवर सुरू होते, त्यामुळे सुरुवातीचा रिकामा काळ फेकून देण्याची नेहमीची चाल इथे लावायची नाही. सकाळची ती रिकामी जेट्टी खरीच आहे.

जादा बोटीचा उपयोग दिवाळीच्या सुट्टीत, नाताळात आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांत दिसला. बाकी वर्षभर तिचं काम तिसऱ्या पद्धतीनं आणि दुचाकींना वेगळी वाट दिल्यानं बरंचसं भागत होतं. आम्ही आलेख दाखवले. शेठनी आलेखांकडे फारसं बघितलं नाही, ‘वीस’च्या आकड्यावरून मात्र दीड तास घासाघीस केली. शेवटी अर्ध्या तासावर आले. दुचाकींची वाट त्याच आठवड्यात झाली, दोरी बांधून.

सगळंच करायला घेतलं असंही नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. त्यानंतर काही महिने भेटेल तो म्हणायचा, सर, पुराचं सिम्युलेशन करा ना. मी नाही म्हटलं, आणि अजूनही तेच म्हणेन. पाणी ही रांगेसारखी मोजता येणारी वस्तू नव्हे. तिथे नदीपात्राचे छेद लागतात, गाळ किती साचलाय ते लागतं, डोंगरात तासातासाला किती पडला ते लागतं, वाशिष्ठीला मिळणारं कोयना प्रकल्पाचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, लागतं आणि समुद्राकडून भरती पाणी तुंबवून धरते ती लागते. ती जलशास्त्राची माणसं वेगळी, त्यांची समीकरणं वेगळी, घड्याळही वेगळं: त्यांचं बारीक बारीक पावलांनी चालतं, आमच्यासारख्या उड्या मारत नाही. मला प्रोग्रॅम येतो म्हणून मी रंगीत निळा नकाशा करून दिला असता तर तो कलेक्टर ऑफिसात भिंतीवर लागला असता, आणि कुणीतरी त्याच्यावर भरवसा ठेवून माळ्यावर चढायचं की घर सोडायचं ते ठरवलं असतं. काही सहकाऱ्यांना माझा नकार शिष्टपणाचा वाटला. वाटू दे.

हल्ली याच गोष्टीला ‘डिजिटल ट्विन’ म्हणतात आणि निधी मिळतो, चांगलं आहे. माझ्या वेळी हजारो ओळी सी प्लस प्लसच्या लागायच्या, आता मुलं पायथनमध्ये ‘सिमपाय’ हे सिम्युलेशनचं तयार साहित्य घेऊन एका दुपारी फेरीबोट उभी करतात. कोड एआय लिहून देतं, तेही बरं लिहितं. मात्र येणाऱ्या गाड्यांचं वितरण विचारलं की ते बेधडक ‘एक्स्पोनेन्शियल’ म्हणून सांगतं, म्हणजे प्रत्येक गाडी दुसरीशी संबंध नसल्यासारखी आपापली येते, कारण पुस्तकांत तसं आहे. प्रत्यक्षात गाड्या झुंडीनं येतात. मागच्या फाट्यावर एसटी थांबली की तिच्यामागे अडकलेल्या सगळ्या एकदम जेट्टीवर.

निवृत्तीनंतरही एक मुलगी एम.टेक.च्या कामासाठी येते. रेवस-रेडी सागरी महामार्गावर खाड्यांवर पूल प्रस्तावित आहेत. पूल झाल्यावर फेरीबोटींचं काय, हा तिचा विषय. मागच्या खेपेला लॅपटॉपवर सुरेख ॲनिमेशन घेऊन आली होती. बोट जाते, बोट येते, पाण्याला लाटासुद्धा. मी विचारलं, पूल झाल्यावर कोण फेरीला येईल? म्हणाली, वाहनं ४० टक्के धरलीत. कुठून धरलीत? जरा गप्प बसली. मग आम्ही दोघांनी जेट्टीवर लोकांना विचारायच्या प्रश्नांची यादी केली. कुठून आलात, कुठे निघालात, पुलावर टोल असेल तर काय कराल, मासळीचा टेम्पो असेल तर बर्फ किती वेळ टिकतो. शेवटचा प्रश्न तिचा स्वतःचा. तिचे वडील मासळीच्या धंद्यात आहेत, ते मला तेव्हा कळलं. येत्या संकष्टीपासून पुढचे पंधरा दिवस ती जेट्टीवर बसणार आहे. दुचाकीचा रकाना वेगळा केलाय का, ते मी आधीच बघून घेतलं.